चीन लांबून कसा दिसतो?

पाणकावळा:
नमस्कार मंडळी,
बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. आपल्याकडे चीन म्हटलं की १९६२, डोकलाम, गलवान. शेजारी आहे, भांडण आहे, त्यामुळे आपलं मत केव्हाच ठरलंय. पण ज्यांची चीनशी बोटभरही सीमा नाही, त्यांना हा देश कसा दिसतो?

गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात शेजारच्या खोलीत झांबियाचा एक सरकारी अभियंता होता. जेवताना मी सहज विचारलं, "तुम्हाला चीनची भीती नाही वाटत?" तो आधी हसला. म्हणाला, "पूर्वी यायचे ते भाषण देऊन जायचे. हे निदान काँक्रीट ओतून जातात." दोन घास झाल्यावर स्वतःच म्हणाला, "काँक्रीट कसं असतं ते मात्र मला विचार. तपासायला मीच जातो."

तेव्हापासून ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. परराष्ट्र खात्याची ती दमदाटीची भाषा, रुसवा आला की व्यापार बंद, तैवानचं नाव काढलं की राजदूत परत, हे सगळं आफ्रिकेत, पॅसिफिक बेटांवर, दक्षिण अमेरिकेत कसं घेतात? तिकडे राहिलेल्यांनी लिहा. वर्तमानपत्रातलं मीही वाचतो.

विनंती: भारत-चीन सीमावाद इथे नको. त्यासाठीचे धागे आधीच उतू चाललेत.

गोगलगाय:
पहिली! छान विषय. वाचतेय.

नाना_नव्हे_मी:
'सीमावाद नको' असं लिहिलंय म्हणजे पाचव्या प्रतिसादात तोच येणार. खुर्ची ओढून बसलोय.

खाणवाला:
झांबियाचं नाव निघालं म्हणून लिहितो. किटवेला, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यात, ९ वर्षं काढली. अजून तिथेच आहे.

पहिली गोष्ट, इथे चीन कालपरवा आलेला नाही. १९७० ते ७५ मध्ये त्यांनी टांझानियातल्या दार-एस-सलामपासून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंत १,८६० किलोमीटर रेल्वे टाकली. झांबियाला समुद्र नाही आणि तेव्हा दक्षिणेला ऱ्होडेशियाचं (आजचं झिंबाब्वे) गोऱ्यांचं राज्य. तांबं न्यायचं कुठून? पाश्चात्त्यांनी आणि जागतिक बँकेने 'परवडणार नाही' म्हणून हात वर केले. चीन स्वतः तेव्हा गरीब होता, तरी त्याने बिनव्याजी कर्ज दिलं आणि माणसंही पाठवली. माझ्या घरमालकाचे वडील त्या कामावर होते. त्यांच्याकडे एक पांढरा इनॅमलचा मग आहे, काठ उडालेला, त्यावर लाल चिनी अक्षरं. म्हातारबुवा अजून त्यातूनच चहा पितात. त्यांच्यासमोर चीनला नावं ठेवायची सोय नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या नातवाच्या पिढीची. २००५ मध्ये चांबिशीला चिनी मालकीच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला, चाळीसहून जास्त झांबियन कामगार गेले. पुढच्याच वर्षी विरोधी नेते मायकेल साटा यांनी निवडणुकीत चीनविरोधाचा धुरळा उडवला. तेव्हा हरले, २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, आणि खुर्चीत बसल्यावर आवाज एकदम खाली आला. खाणी बंद करून खायचं काय?

तिसरी माझी स्वतःची. फेब्रुवारी २०२५ मध्ये चांबिशीजवळ एका चिनी कंपनीचा खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि आम्लाचं पाणी ओढ्यातून काफुए नदीत उतरलं. किटवेचा पाणीपुरवठा बंद. आमच्या गल्लीत बादल्यांच्या रांगा. नळ आला तेव्हा बायकोने पहिलं पाणी वास घेऊन ओतून दिलं, दुसरंही ओतून दिलं. रांगेत एक बाई म्हणत होती, "इंग्रज असताना पण नदी मेली नव्हती." पुढचा माणूस लगेच म्हणाला, "इंग्रजांनी काय कमी मारल्या?" दोघं जोरजोरात भांडले आणि मग एकमेकांच्या बादल्या उचलू लागले.

आता सांगा, 'झांबियाचं मत' म्हणून यातलं कुठलं लिहू?

गोगलगाय:
खाणवाला, इनॅमलचा मग अगदी डोळ्यांसमोर आला. अजून लिहा.

तर्कट:
खाणवाला यांचा प्रतिसाद उत्तम, पण मुख्य मुद्दा राहिला: कर्ज. आधी रस्ते-धरणं, मग कर्ज, मग गळा. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलंच ना? झांबियाही नोव्हेंबर २०२० मध्ये बुडालीच. सावकारी आहे ही. बाकी इनॅमलचे मग वगैरे भावनिक गोष्टी.

खाणवाला:
तर्कट, आकडे बघून बोलूया. जून २०२३ मध्ये झांबियाच्या सरकारी सावकारांशी ६.३ अब्ज डॉलरच्या कर्जफेडीची फेरआखणी ठरली. त्यातले ४ अब्जांच्या आसपास चीनचे, हे खरं. पण त्याखेरीज रोखेधारक होते, म्हणजे लंडन-न्यूयॉर्कचे फंड. त्यांचंही देणं अब्जांतच होतं. चीनने खाण नाही उचलून नेली की विमानतळ नाही. त्याने उशीर लावला. दुसरे किती सोडतात ते बघत बसला. सावकार म्हणा हवं तर, पण अंगठे घेऊन शेत लाटणारा नव्हे, कज्जा लांबवणारा.

दर्यावर्दी:
हंबनटोटाचं नाव आलं, आता राहवत नाही. १८ वर्षं जहाजावर आहे, ही बंदरं नकाशात नाही तर धक्क्याला लागून पाहिली आहेत.

२०१७ च्या त्या व्यवहारात श्रीलंकेला १.१२ अब्ज डॉलर मिळाले. ते बंदराच्या कर्जात गेले नाहीत, परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले. श्रीलंकेला बुडवलं ते मुख्यतः बाजारातल्या रोख्यांनी आणि स्वतःच्या कारभाराने. अर्थात ऑगस्ट २०२२ मध्ये 'युआन वांग ५' हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज त्याच बंदरात येऊन उभं राहिलं, तेव्हा दिल्लीला घाम फुटला तो काही उगाच नाही.

आता लांबचं बोलतो. जिबूतीला गेलात तर मजा आहे. चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ तिथे, २०१७ पासून. अमेरिकेचाही तळ तिथेच, फ्रान्सचा, जपानचा, इटलीचाही. एवढासा देश, सगळ्यांकडून भाडं घेतो. आमच्या एजंटाला मी विचारलं, "यातला तुझा मित्र कोण?" तो म्हणाला, "जो वेळेवर भाडं देतो तो."

आणि एक दृश्य सांगतो. पेरूच्या किनाऱ्यापासून बऱ्याच आत, रात्रीची पहाऱ्याची पाळी. क्षितिजावर उजेड. इतका की नवा पोरगा म्हणाला, "सर, शहर आलं." तिथे शहर कुठलं? चिनी माकुळमारी जहाजं. शेकडो. माकूळ उजेडाकडे येतं म्हणून ओळीने दिवे टांगलेले, पाणी हिरवट-पांढरं दिसतं. २०२० मध्ये गॅलापागोस बेटांभोवतीच्या इक्वेडोरच्या सागरी हद्दीच्या अगदी सीमेवर तीनशेहून जास्त जहाजांचा असाच ताफा आला, तेव्हा इक्वेडोरच्या नौदलाची झोप उडाली. कायदा मोडला म्हणावं तर जहाजं रेषेच्या बाहेर. माशांना कुठे ठाऊक रेषा?

तिकडच्या मच्छीमारांना तैवान, दक्षिण चीन समुद्र काही विचारू नका. त्यांच्यासाठी चीन म्हणजे तो उजेड.

नाना_नव्हे_मी:
"जो वेळेवर भाडं देतो तो." दर्यावर्दी, हे आमच्या सोसायटीच्या फलकावर लावतो.

स्वदेशप्रेमी_७७:
सगळे चीनची तळी उचलून धरताय इथे. गलवान विसरलात का? आणि हे सगळे देश उद्या रडत आपल्याकडेच येणार.

नाना_नव्हे_मी:
नवव्या प्रतिसादाला आला. माझा अंदाज चुकला, दिलगीर आहे.

कांगारूमामी:
स्वदेशप्रेमी, तळी कुणी उचलत नाहीये. थांबा, माझं ऐकल्यावर तुम्हाला बरं वाटेल.

मी ॲडलेडला असते. एप्रिल २०२० मध्ये आमच्या सरकारने कोव्हिडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी करा म्हटलं, आणि बीजिंगचं डोकं फिरलं. मे महिन्यात बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क. मग गोमांस, कोळसा, लॉब्स्टर, आणि वर्ष संपता संपता वाइन. वाइनवर तर काहींना २१८ टक्क्यांपर्यंत. वर चौदा तक्रारींची यादी वर्तमानपत्राच्या हाती दिली. सासूबाई लग्नानंतर रुखवतातल्या उणिवा लिहून देतात तशी.

माझी एक मैत्रीण बारोसा खोऱ्यात द्राक्षं पिकवते. सगळा माल शिराझ, आणि शिराझ म्हणजे चीन, असंच गणित बसलेलं. त्या वर्षी शेडमधल्या स्टीलच्या टाक्या भरलेल्या, पुढची तोडणी आलेली, नवा रस ठेवायचा कुठे? टाकीवर हात मारला की कुठपर्यंत भरलीय ते आवाजावरून कळतं. ती एकेका टाकीवर टकटक करत चालली होती, आणि सगळीकडून भरलेलाच आवाज. दुसऱ्या वर्षी तिने काही वेली मुळापासून काढल्या. त्या तीस वर्षांच्या होत्या.

बार्लीवरचं शुल्क ऑगस्ट २०२३ ला गेलं, वाइनवरचं मार्च २०२४ ला. सरकार बदललं, भाषा मऊ झाली, सगळं 'सुरळीत'. पण मनातली अढी? इथल्या लोवी संस्थेच्या पाहणीत २०१८ मध्ये ५२ टक्के लोकांना चीन भरवशाचा वाटत होता, २०२१ मध्ये १६ टक्के. तीन वर्षांत!

आणि गंमत बघा, दमदाटीतून मिळालं काय? बार्ली सौदीला गेली, कोळसा तुमच्याकडे भारतात आला, आणि सरकारने अमेरिका-ब्रिटनबरोबर अणुपाणबुड्यांचा करार केला.

स्वदेशप्रेमी_७७:
मामी, +१. बरं वाटलं.

कांगारूमामी:
तुम्हाला बरं वाटलं, माझ्या मैत्रिणीला नाही वाटलं.

तर्कट:
मामींच्या उदाहरणावरून एक शंका. ऑस्ट्रेलिया श्रीमंत आहे, दुसरी गिऱ्हाइकं शोधू शकला. छोट्या देशाने काय करायचं? लिथुएनियाचं आठवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये राजधानी विल्नियसला 'तैवानी' नावाचं कार्यालय उघडू दिलं. 'तैपेई' लिहिलं असतं तर चाललं असतं, 'तैवानी' लिहिलं म्हणून चिनी सीमाशुल्काच्या संगणकातून अख्खा देशच गायब!

फ्योर्डकाठी:
लिथुएनियाला ते झेपलं, कारण त्यांची चीनला होणारी निर्यात मुळात एक टक्क्याच्या आसपास. गमवायला फारसं नव्हतंच. खरा त्रास झाला तो त्यांच्याकडून सुटे भाग घेणाऱ्या जर्मन कारखान्यांना.

मी नॉर्वेत बर्गनला असतो. आमचं प्रकरण जुनं. २०१० मध्ये तुरुंगात असलेले चिनी लेखक लिउ शियाओबो यांना शांततेचं नोबेल मिळालं. ते समिती देते, सरकार नाही. पण चीनने संबंध गोठवले ते थेट डिसेंबर २०१६ पर्यंत. ताज्या सामन माशाचं चीनमधलं मार्केट झोपलं. तेव्हा मी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करायचो. एक दिवस लक्षात आलं, व्हिएतनामला आमच्या माशाची एकदम इतकी भूक कशी लागली? कागदावर व्हिएतनाम, पुढे ट्रकने कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक. कुणी काही बोलत नसे.

पण दुसरी बाजूही सांगतो. २०१४ मध्ये दलाई लामा ओस्लोला आले तेव्हा सरकारमधलं कुणी भेटलं नाही. २०१६ च्या समेटाच्या निवेदनात चीनच्या 'मूलभूत हितसंबंधां'ना धक्का लागेल असं काही करणार नाही, हेही लिहून दिलं. तेव्हा दमदाटीतून काहीच मिळत नाही हे मामींचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. मिळतं. फक्त ते मथळ्यात येत नाही.

कांगारूमामी:
फ्योर्डकाठी, बरोबर. मुद्दा मागे घेते, अर्धा.

गोगलगाय:
अवांतर: सामन म्हणजे रावसच ना?

दर्यावर्दी:
नाही हो, बाजारात 'इंडियन सामन' म्हणून रावस विकतात तेवढंच नातं.

गोगलगाय:
अरेरे. इतकी वर्षं फसवणूक.

नैरोबीकर:
आफ्रिकेचं आणखी एक. २०२३ च्या सुरुवातीला नैरोबीत एक मोठं चिनी दुकान उघडलं. प्लास्टिकच्या डब्यापासून ड्रिलपर्यंत सगळं, आणि बाजारापेक्षा बरंच स्वस्त. आठवडाभर आत शिरायला जागा नव्हती. मग केनियन व्यापाऱ्यांनी 'चिन्यांनी कारखाने काढावेत, किरकोळ धंदा आमचा' म्हणत मोर्चा काढला. आमच्या ऑफिसातली मुलगी मोर्चामुळे ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणून उशिरा आली, आणि हातात त्याच दुकानाची पिशवी!

मोम्बासा-नैरोबी रेल्वेचंही तसंच. २०१७ ला सुरू झाली, प्रवासाला उत्तम, मीच दहा वेळा गेलो असेन. पुढे युगांडाच्या सीमेपर्यंत जायची होती, ती नैवाशाजवळ माळावर थांबली, कारण चीनने पैसे द्यायचं थांबवलं. इथे राग कसला आहे माहितीय? चीन आला याचा कमी. आपल्या पुढाऱ्यांनी करार लपवून ठेवले याचा जास्त.

एप्रिल २०२० मध्ये ग्वांगझूला आफ्रिकी लोकांना कोव्हिडच्या नावाखाली घरांतून, हॉटेलांतून बाहेर काढलं, तेव्हा मात्र मन दुखावलं. ते चित्रफितीत सगळ्यांनी पाहिलं. कर्ज, करार लोक विसरतात. फुटपाथवर सामान घेऊन बसलेला आपला पोरगा नाही विसरत.

स्वदेशप्रेमी_७७:
आपण मात्र असं कधी कुणाशी वागत नाही.

तर्कट:
२०१५ ची नेपाळची नाकेबंदी? मालदीवमधली 'इंडिया आउट' मोहीम?

स्वदेशप्रेमी_७७:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

नाना_नव्हे_मी:
काय लिहिलं होतं ते आता कायमचं गूढ.

पाणकावळा:
मंडळी, नेपाळसाठी वेगळा धागा काढूया, खरंच काढूया. पॅसिफिकचं कुणी आहे का?

प्रवाळ:
आहे. सॉलोमन बेटांवर, राजधानी होनियाराला, २०२१ ते २३ आरोग्यखात्याच्या एका प्रकल्पावर होते.

सप्टेंबर २०१९ मध्ये सॉलोमनने तैवानला सोडून चीनला मान्यता दिली, पाठोपाठ किरिबाटीने. गंमत म्हणजे लोकांचा पहिला प्रश्न लोकशाही की हुकूमशाही असा नव्हता. तैवान तिथे खासदारांच्या मतदारसंघ निधीत पैसे घालायचा. आता चीन घालणार का, आणि ते पैसे आमच्या खासदाराच्या घराच्या पुढे येणार का, हा प्रश्न होता. मलाइटा बेटाला हा बदल मान्य नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये दंगल उसळली आणि होनियाराचं चायनाटाऊन जळलं. आम्ही तीन दिवस घरात. बाहेर पडलो तेव्हा एका दुकानाच्या राखेत तांदळाची पोती, वरून काळी आणि आत पांढरी, आणि बायका वरचा थर काढून आतला तांदूळ भरून नेत होत्या. मालक, तिथेच जन्मलेला चिनी वंशाचा म्हातारा, समोर खुर्चीवर बसून बघत होता. त्याचं कुटुंब तिथे आलं तेव्हा माओसुद्धा सत्तेवर आला नव्हता. त्याचा बीजिंगशी संबंध काय? पण जळलं त्याचं.

एप्रिल २०२२ मध्ये चीनशी सुरक्षा करार झाला आणि जगभरचे पत्रकार उतरले. होनियारात अचानक सगळेच आले. १९९३ मध्ये बंद केलेली वकिलात अमेरिकेने २०२३ मध्ये परत उघडली! तीस वर्षं कुणाला आठवण नव्हती. आमची परिचारिका म्हणाली, "चीनने अजून एक करार करावा, म्हणजे ऑस्ट्रेलिया दवाखान्याचं छप्पर पण करून देईल."

तरी ही बेटं भोळी नाहीत. मे २०२२ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी आठ देशांत फिरले, दहा देशांनी एकत्र सही करावी असा मोठा मसुदा घेऊन. आधी आमच्यात एकमत होऊ दे म्हणत त्यांनी तो बाजूला ठेवला. सामोआने तर २०२१ मध्येच चीनच्या पैशांतून होणारं बंदर रद्द केलं होतं, एवढं कर्ज कशाला म्हणून. आणि २०१८ च्या बोए जाहीरनाम्यात पॅसिफिक देशांनी सगळ्यांनी मिळून लिहून ठेवलंय की आम्हाला सगळ्यात मोठा धोका हवामानबदलाचा. भरतीचं पाणी विहिरीत शिरतंय, आणि पाहुणे येऊन युद्धनौकांवर बोलतात.

फ्योर्डकाठी:
प्रवाळ, तांदळाची पोती. बराच वेळ पुढे वाचवेना.

तर्कट:
प्रवाळ, नैरोबीकर, खाणवाला, तिघांचं वाचून कर्जाच्या सापळ्याचा मुद्दा जरा सैल करतो. पण एक विचारतो: लहान देश दोघांना खेळवतात हे ऐकायला छान वाटतं. खेळ संपल्यावर? ग्रीसचं पिरेअस बंदर २०१६ ला चिनी कंपनीच्या ताब्यात गेलं, आणि जून २०१७ मध्ये मानवी हक्कांवरचं युरोपीय संघाचं चीनविरोधी निवेदन ग्रीसनेच अडवलं. भाडं घेता घेता भाडेकरूच घरात काय बोलायचं ते ठरवतो.

दर्यावर्दी:
तर्कट, हा प्रतिसाद पटला. पेरूत चांकायचं नवं बंदर नोव्हेंबर २०२४ ला सुरू झालं, ६० टक्के हिस्सा त्याच चिनी कंपनीचा. आशियाकडची फेरी दहा-बारा दिवसांनी कमी होते म्हणून आम्ही खलाशी खूश. दहा वर्षांनी पेरूचं मतदान बघायला हवं.

नाना_नव्हे_मी:
इतका शहाणा धागा चालला की मला विनोद सुचेना. नोंद असावी: हे सर्व चिनी फोनवर टंकलं आहे.

पाणकावळा:
सगळ्यांचे आभार. हा धागा वाचून त्या झांबियाच्या मित्राला काल निरोप पाठवला, काफुएबद्दल विचारलं. त्याचे मामा नदीकाठी मका लावतात, त्या हंगामातलं सगळं गेलं. भरपाईबद्दल त्याने जे लिहिलं ते इथे टंकता येणार नाही. आणि त्याच निरोपात खाली मुलीचा फोटो. चिनी सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, सप्टेंबरात चीनला शिकायला चालली आहे. बाप भलताच खूश.

खाणवाला:
अभिनंदन कळवा. विषय कुठला घेतलाय तिने?

पाणकावळा:
खाणकाम.